पाखं, पन्हळ आणि पाणी : पेठच्या डोंगरात आठ दिवस

शनिवार

पुण्याहून पहाटे निघालेली एसटी साडेअकराला ठक्कर बाजारला टेकली. पाठीवर सॅक, हातात ऑटो लेव्हलची (जमिनीचे चढउतार मोजायच्या यंत्राची) पेटी, बगलेत ड्रॉइंगचा लांब नळा. शेजारच्या आजोबांनी नाशिक येईपर्यंत तीनदा विचारलं, "पोरी, यात बासरी आहे का?" तिसऱ्यांदा मी हो म्हणून टाकलं.

आम्ही एकूण पाच जण. कोट्टायमच्या आर्किटेक्ट, ज्यांना सगळेच चेची, म्हणजे ताई, म्हणतात. चेन्नईचे निवृत्त पाणीपुरवठा इंजिनिअर, म्हणजे अंकल. दिमापूरचा नुकताच पास झालेला सिव्हिलवाला. मुंबईची एक इलेक्ट्रिकलवाली. आणि मी, स्ट्रक्चरल, मूळ नगरकडची, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. माझे आजोबा मिशनच्या बांधकामावर गवंडी होते. त्यांचा ओळंबा अजून माझ्या टेबलावर असतो, पेपरवेट म्हणून.

अशा कामाची एक रीत आहे. १९८२ साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये 'इंजिनिअरिंग मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल' ही ख्रिस्ती संस्था सुरू झाली. इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सर्व्हेअर रजा काढून, स्वतःच्या खर्चाने आठ-पंधरा दिवस कुठल्या तरी गरीब वस्तीत जातात, मोजणी करतात, लोकांशी बोलतात आणि शाळा, दवाखाना, पाणीयोजना असं काहीतरी डिझाइन करून देतात. बांधायचं काम तिथल्या माणसांचं. भारतातही या संस्थेचं काम आहे. आमचा गट तिचा नव्हे, मित्रमंडळींचाच आहे. पण पद्धत तिचीच उचललेली. फी घ्यायची नाही, भाडं स्वतःचं, आणि निघताना कागद हातात द्यायचे.

संध्याकाळ मोकळी होती म्हणून सगळ्यांना शरणपूरला नेलं. आज शरणपूर रोड म्हटलं की नाशिककराला महापालिकेची इमारत आणि गाडी लावायला न मिळणारी जागा आठवते. पण हे मुळात मिशनने वसवलेलं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने ते उभं केलं आणि नाव दिलं शरणपूर, म्हणजे आसऱ्याचं गाव. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जात. त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे इथे येत आणि सुतारकाम, लोहारकाम शिकत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आजच्या झांबियात मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा झाडाच्या खोडावर त्याचं नाव कोरणारा हाच. पुढे तो त्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत सामील झाला.

दिमापूरचा पोरगा म्हणाला, "म्हणजे कोरायला तो इथे शिकला?" आता ते कुणी सांगावं. पण हातात पटाशी धरायला इथल्याच कारखान्यात शिकला असेल, असं मानायला मला आवडतं.

रविवार

सकाळी उपासना. रेव्हरंड टिळकांची भजनं सुरू झाली की मी बाकीच्यांना अर्थ सांगायचं सोडून देते. ते जमत नाही. नारायण वामनांच्या लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर इथून हाकेच्या अंतरावर, एवढं मात्र सांगितलं.

दुपारी जीप निघाली. पेठ नाका, म्हसरूळची बाजू, मग सरळ पेठ रस्ता. सुरुवातीला दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. फेब्रुवारी, म्हणजे काढणी जोरात. बागेच्या कडेला क्रेट्सच्या चळती आणि त्यांच्यामागे प्लास्टिकचा कागद टाकून केलेल्या पालांची रांग. पाल म्हणजे मजुरांचं घर. हे मजूर कोण? आम्ही जिकडे निघालो होतो तिकडचेच. भात-नागली घरात आली, दिवाळी सरली, की पेठ-सुरगाण्याची गावं दिंडोरी-निफाडकडे उतरतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, काढणी. लहान पोरं पाठीवर नाहीतर पालाजवळ. मोठ्या पोरी धाकट्यांना सांभाळायला. म्हणजे शाळा बुडाली.

ज्या छोट्या ट्रस्टने आम्हाला बोलावलं होतं, तिचं काम इथून सुरू होतं : आईबाप बागेत असताना मुलींना गावातच ठेवणारं चाळीस जणींचं वसतिगृह. सध्या अठरा मुली पास्टरांच्या घरात आणि शेजारच्या पडवीत राहतात.

सावळ घाट चढला की देश संपतो. द्राक्षं गेली, उघडे डोंगर, पानगळ झालेला साग, खाचरांत भाताचे वाळलेले खुंट. अंकल खिडकीतून बघत विचारत होते, इथे पाऊस किती? पेठला साधारण २,००० मिलिमीटर, म्हणजे दोन मीटर. ते हसले. त्यांच्या चेन्नईच्या बराच पुढे. मग रस्त्याकडेने डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन चाललेल्या बायका दिसल्या आणि ते हसायचे थांबले.

पाड्याचं नाव लिहीत नाही. मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेने पाऊण तास, एवढं पुरे.

सोमवार

आमची पहिली चूक नळ्यात गुंडाळून आम्ही पुण्याहूनच आणली होती.

ट्रस्टच्या अर्जावरून चेचीने आधीच एक आराखडा केला होता. मधे अंगण, भोवती खोल्या, दगडी जोतं, कुडाच्या भिंती, कौलारू छप्पर, आणि अंगणाच्या टोकाला साठ चौरस मीटरचं प्रार्थनागृह. दिसायला देखणा. पास्टरांच्या पडवीत तो भिंतीला लावला. मोठी माणसं बहुतेक बागेत गेलेली, त्यामुळे जमले ते म्हातारे, म्हाताऱ्या, अंगणवाडी सेविका आणि पोरं.

मी मराठीत समजावत होते. एक आजी पुढे आल्या, अगदी कागदाजवळ. बोट ठेवून एकेक खोली विचारली. हे काय? स्वयंपाकघर. हे? निजायची खोली. हे? न्हाणीघर. किती? चार. मग मागे सरल्या आणि म्हणाल्या, "पाणी कुठलं?"

चेचीने सांगितलं, झऱ्याचं. अर्जात तसंच लिहिलं होतं : 'जवळच बारमाही झरा आहे.'

पडवीत जी शांतता झाली तिचं भाषांतर मला करावं लागलं नाही. झरा गावाचा. चैत्रापर्यंत पुरतो. वैशाखात बायका रात्री तिथेच निजतात, नंबर लावून. त्यात चाळीस पोरींची आंघोळ कुठून बसवणार? आजी रागावल्या नव्हत्या. रेशन दुकानात हिशेब चुकला की सांगतात, तसं त्यांनी सांगितलं.

एका म्हाताऱ्याने दुसरा प्रश्न विचारला, जो मला अपेक्षित होता आणि टळला तर बरं असंही वाटत होतं. "पोरींना प्रार्थनेला बसवणार का?" पास्टर म्हणाले, ज्या घरची जी रीत ती तिने पाळावी, सक्ती कुणावर नाही, सध्याच्या अठरांपैकी निम्म्या घरांत येशूचं नाव घेत नाहीत, त्यांना विचारा. म्हाताऱ्याने विचारलंही, तिथल्या तिथे, दोघींना. त्या लाजून पळाल्या.

रात्री आमच्यात बोलणं झालं. मी म्हटलं, साठ मीटर प्रार्थनेला आणि चाळीस पोरींना न्हाणीघरं चार, हे गणित देवालाही पटणार नाही. चेची जरा दुखावल्या. त्यांचं म्हणणं, संस्था श्रद्धेने उभी राहिली तर श्रद्धेला जागा नको का? हवी. पण अभ्यासाचा हॉल आहेच. रविवारी चटया फिरवल्या की झालं. शेवटी प्रार्थनागृह गेलं, न्हाणीघरं आठ झाली, आणि हॉल दोन खणांनी वाढला. पास्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मीही तेच म्हणणार होतो, पण तुम्ही एवढं सुंदर काढून आणलं होतं..."

पाहुण्याच्या हातातल्या कागदाला नाही म्हणायला माणसं किती लाजतात, हे प्रत्येक वेळी विसरते मी.

मंगळवार

सकाळी अंकल आणि आजी झऱ्यावर. डोंगराच्या कुशीत काळ्या पाषाणाची भेग, खाली कुणी कधीकाळी रचलेलं दगडी कुंड. दहा लिटरची बादली भरायला शंभर सेकंद लागली. तीनदा मोजलं, शंभराच्या आसपासच. म्हणजे मिनिटाला सहा लिटर, दिवसाला ८,६४० लिटर. हे आत्ता, फेब्रुवारीत. अंकलनी आजींना विचारलं, मे महिन्यात एक हंडा भरायला किती वेळ? माझ्याकडून विचारून घेतलं. आजी म्हणाल्या, "एक पाटी नागली निवडून होते." घरी आल्यावर अंकलनी खरंच एक पाटी नागली मागितली आणि घड्याळ लावून बसले. निवडायचा वेग आजींचा नव्हता, म्हणून तो आकडा आम्ही धरला नाही.

इथे पाणी का टिकत नाही, त्याचं कारण पायाखाली आहे. सह्याद्रीचा हा सगळा थर बसाल्टचा, लाव्हाच्या थरावर थर. सलग खडकात पाणी मुरत नाही. मुरतं ते भेगांत आणि थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. उतार तीव्र, माती वीतभर. दोन मीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि वाहून जातो. ट्रस्टने मागे एक बोअर घेतला होता, दोनशे फूट. धूळ निघाली. शेजारच्या शेतात चाळीस फुटांवर विहिरीला पाणी आहे. कुणाला भेग सापडते, कुणाला नाही.

मी आणि दिमापूरचा पोरगा लेव्हल घेत होतो. जागा उताराची, वीस मीटरमध्ये जवळजवळ चार मीटरचा फरक. सुरुवातीला एक पक्का बिंदू, म्हणजे बेंचमार्क, लागतो, ज्याच्या उंचीवरून बाकी सगळं मोजायचं. उतारावर एक मोठा दगड जमिनीत रुतलेला दिसला, खडकाचाच भाग वाटला. त्यावर लाल ऑइलपेंटने बाण काढला आणि दिवसभर साठ-सत्तर रीडिंग घेतली.

बुधवार

सकाळी दगड नाही.

लाल बाण सापडला तो पास्टरांच्या मागल्या दारी, चुलीखाली. आमच्यासाठी आंघोळीचं पाणी तापवायला मोठ्या मुलींनी पहाटे तीन चांगले दगड वेचले होते. आणि तो खडकाचा भाग नव्हता, दोन पोरी उचलून आणतील एवढाच धोंडा होता. बावीस वर्षांच्या अनुभवानंतर मी सुट्या दगडावर बेंचमार्क मारला. मुली घाबरल्या होत्या. मी म्हटलं, तुमची नाही, माझी चूक. पण तोंड लाल झालं ते चुलीच्या धगीने नव्हे.

सोडवलं गावच्या मिस्तरींनी. साठीचे, नाशिकला बिल्डिंगवर वीस वर्षं काम करून गुडघे गेल्यावर परत आलेले. त्यांनी एक पारदर्शक नळी आणली, पाण्याने भरलेली. "तुमचा दगड कुठं होता ते भोक आहे ना? आन् तुमचे खुंट आहेत ना?" आमचे लाकडी खुंट जागेवर होते. नळीच्या दोन टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं, एवढ्या एका नियमावर त्यांनी तासाभरात तीन खुंटांच्या उंच्या एकमेकांशी ताडून दिल्या. आमच्या कालच्या आकड्यांशी फरक अर्धा इंच. ते फुटा-इंचात बोलत, मी मिलिमीटरमध्ये लिहीत होते आणि मधे एकदा गडबडले. "मॅडम, मिलिमीटर कंपनीत ठीक," ते म्हणाले. "हितं फूट बोला." बेंचमार्क या वेळी शाळेच्या जोत्याच्या कोपऱ्यावर घेतला. ते जोतं कुणी चुलीला नेणार नाही.

खरा वाद दुपारी झाला, छपरावरून, आणि तो लिहायला मी ही वही काढली आहे असं म्हटलं तरी चालेल.

चेची लॉरी बेकरच्या शाळेतल्या. बेकर हे इंग्लंडमध्ये जन्मलेले क्वेकर पंथाचे आर्किटेक्ट. १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या इस्पितळांची बांधकामं करायला भारतात आले आणि २००७ साली तिरुवनंतपुरमलाच वारले. मुंबईत गांधीजींशी भेट झाली, तेव्हा घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं असं त्यांनी सांगितल्याचं बेकर सांगत. चेचीच्या बोलण्यात ते पाच मैल दिवसातून दोनदा येतातच. आणि इथे पाच मैलांत काय नाही? काळा दगड, मुरूम, कारवी, बांबू, साग. जुनी घरं सगळी तशीच : कारवीचा कूड, वर शेणमातीचा लेप, सागाचे खांब, कौलं.

मिस्तरी म्हणाले, "स्लॅब पाहिजे."

चेचीला वाटलं, शहराची हौस. त्यांनी समजावलं : काँक्रीट तापतं, महाग पडतं, इथलं नव्हे. आम्ही सगळेच असं बोलतो. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर स्लॅबखाली राहून आम्हाला दुसऱ्याच्या घरावर कौलं फार आवडतात.

तेव्हा आजी उठल्या आणि आम्हाला स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. पडवीचं पाखं वर बघायला लावलं. अर्ध्या कौलांच्या जागी निळा प्लास्टिकचा कागद. "वानरं," त्या म्हणाल्या. उन्हाळ्यात जंगलात खायला राहत नाही, टोळी घरांवर उड्या मारते, फुटकी कौलं खाली पडतात. पावसाआधी दरवर्षी शाकारायला लागतं. वर कोण चढणार? मुलगा बागेत, सून बागेत. तो परत येतो तोवर मिरग लागलेला असतो. कूडही तसाच, दर वर्षाआड सारवायला, दर पाच-सात वर्षांनी कारवी बदलायला माणूस लागतो. माणूसच तर नाही. वसतिगृह काढायचं कारणच ते.

मी भाषांतर करत होते आणि मधेच थांबले. पाच मैलांत दगड होता, बांबू होता. हात नव्हते. ते पन्नास मैलांवर द्राक्षं तोडत होते.

चेची बराच वेळ त्या निळ्या कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आजींना विचारलं, पत्रा का नाही घातला? उत्तर मुलींनी दिलं. शाळेला पत्रा आहे. पावसात गुरुजी काय शिकवतात ऐकू येत नाही, मग ते फळ्यावर लिहून देतात आणि सगळे गप्प बसतात. "चार महिने?" "हो, लई पाऊस असला की."

कौल नाही, पत्रा नाही. सपाट स्लॅब मला नको होता, कारण दोन मीटर पावसात सपाट स्लॅब गळणार नाही असं मी लिहून देणार नाही. रात्री कंदिलापाशी (वीज गेली होती) चेचीने कागदावर एक रेघ तिरकी ओढली. उतरता स्लॅब, दोन पाख्यांचा, आणि त्याच्या पोटात जुनी कौलं. बेकरनी हे खूप वापरलंय, फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट ताण घेत नाही, ताण सळई घेते. मग सळयांच्या मधे काँक्रीटऐवजी कौल बसवलं तर वजन वाचतं, सिमेंट वाचतं, आत हवेचा थर राहतो म्हणून उष्णता कमी. आणि कौल काँक्रीटच्या आत. वानराने वर नाचावं खुशाल.

मी हिशेब केला. चेची खालून कौलांची नक्षी कशी दिसेल ते काढत बसल्या. गंमत म्हणजे ही मंगलोरी कौलंसुद्धा मिशनचीच देणगी. बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरला पहिला कारखाना काढला, त्याआधी नळीची देशी कौलं होती. आजींच्या घरावर दोन्ही होती.

गुरुवार

खड्ड्यांचा दिवस. पायाचे तीन खड्डे : वीतभर तांबडी माती, मग मुरूम, चार-साडेचार फुटांवर कठीण. पायाला याहून चांगलं काय हवं. नाशिक भूकंपाच्या नकाशात तिसऱ्या झोनमध्ये येतं, आणि पेठ-कळवण पट्ट्यात अधूनमधून हलके धक्के बसतात, ज्यांची नोंद नाशिकच्या 'मेरी'त (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) होते. सप्टेंबर १९९३ मध्ये मी शाळेत होते. किल्लारीच्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती माणसांवर कशा पडल्या, त्याचे फोटो आमच्या पिढीने वर्तमानपत्रात पाहिलेत. म्हणून दगडी भिंतीला हरकत नाही, पण जोत्याला, लिंटलला (दार-खिडक्यांच्या माथ्यावर) आणि छपराखाली काँक्रीटचा पट्टा सलग फिरला पाहिजे, आणि भिंतीच्या दोन थरांना आरपार जोडणारे दगड हवेत. मिस्तरींना ते शब्दात सांगायची गरज पडली नाही. "कंबरपट्टा" म्हणाले आणि हाताने कमरेभोवती फेरा दाखवला.

संडासाची जागा चेचीच्या आराखड्यात झऱ्याच्या वरच्या अंगाला होती. भेगाळ बसाल्टमध्ये शोषखड्डा आणि खाली झरा, म्हणजे काय ते सांगायला नको. इमारतच उलटी फिरवली. खालच्या बाजूला खड्डा खणून, रात्रभर पाण्याने भिजवून, सकाळी पाणी इंचभर उतरायला लागणारी मिनिटं मोजली : आठ ते नऊ. शोषखड्ड्याला उत्तम.

मग अंकलचा हिशेब. छपराची आडवी छाया १८० चौरस मीटर. वर्षाला दोन मीटर पाऊस, त्यातला ऐंशी टक्के हाती लागला तर २,८८,००० लिटर. चाळीस मुली आणि चार मोठी माणसं, पिण्या-स्वयंपाकाला माणशी दहा लिटर, फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस : ५२,८०० लिटर. म्हणजे चार मीटर व्यासाच्या आणि २.२ मीटर उंचीच्या दोन फेरोसिमेंट (जाळीवर सिमेंटचा पातळ थर दिलेल्या) टाक्या, मिळून ५५,००० लिटर. दोन का? एक धुवायला काढली तरी दुसरी चालू राहते. आंघोळ-कपड्यांचं पाणी शेजारच्या शेतातल्या विहिरीवरून, शेतमालकाशी बोलून. झऱ्याला हात लावायचा नाही. जलजीवन योजनेचा माणशी ५५ लिटरचा नळ येईल तेव्हा येईल; पाड्यात पाइप टाकलेत, पाणी सोडलेलं नाही.

उतरता स्लॅब आता आणखी एका कारणाने बरोबर बसला. दोन्ही पाख्यांचं पाणी दोन पन्हळींत आणि तिथून टाकीत. पहिल्या पावसाचं पाणी, ज्यात वर्षभराची धूळ आणि वानरांचा प्रसाद, बाजूला सोडायला एक नळ. तो उघडायचा-मिटायचा कुणी? मोठ्या मुलींनी. त्यांनी लगेच आपसात वार वाटून घेतले. टाकी अजून कागदावर होती.

शुक्रवार

दिवसभर पडवीत ड्रॉइंग. सांगण्यासारखं काही नाही. लॅपटॉपची बॅटरी दुपारीच संपली, मग हाताने काढली, आणि मला वाटतं बरीच बरी आली. जेवायला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. इलेक्ट्रिकलवालीने पाच भाकऱ्या खाल्ल्या.

एक मात्र नोंदवून ठेवते. जमीन अजून ट्रस्टची नाही. चर्चमधल्याच एका कुटुंबाने तोंडी देऊ केली आहे. पण आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही, हा कायदा आहे आणि तो असायलाच हवा. पास्टर स्वतः त्याच पाड्याचे कोकणा आदिवासी; पण ट्रस्ट ही कागदावर माणूस नव्हे, तिला जात-जमात नाही. ग्रामसभेचा ठरावही लागेल, आणि ग्रामसभा भरणार बागेतली माणसं परत आल्यावर. हे आम्ही यायच्या आधी विचारायला हवं होतं. आम्ही पावसाचा आकडा विचारला, सातबारा नाही विचारला.

शनिवार

सकाळी पुन्हा पडवी, पुन्हा भिंतीवर कागद. या वेळी मी कमी बोलले. मिस्तरींनीच बोट ठेवून सांगितलं : हे पाखं, ही पन्हळ, ही टाकी, हे संडास खाली. कौलं स्लॅबच्या पोटात जाणार म्हटल्यावर आजींनी लगेच विचारलं, कुठली कौलं? जुनी, सुटी. "माझी न्या," त्या म्हणाल्या, "फुटकी सोडून." मग हसल्या. फुटकीच जास्त होती.

परवाच्या म्हाताऱ्याने प्रार्थनेची खोली कुठे गेली ते शोधलं आणि त्याला ती सापडली नाही. काही बोलला नाही. हॉलच्या चौकोनावर बोट ठेवून नुसता बघत राहिला.

आजींचा शेवटचा प्रश्न : "कधी?"

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. आमचा अंदाज पास्टरांच्या हातात होता आणि तो आकडा त्यांच्या वार्षिक खर्चाच्या कितीतरी पट होता. आम्ही कागद देतो, पैसे आणत नाही. तेच आमचं ठरलेलं. ते ठरवताना समोर आजी उभ्या असतील असं वाटलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. पैसे जमतील तसं, आधी एक टाकी, बाकी नंतर. टाकी पास्टरांच्या आताच्या घराच्या पत्र्यालाही लावता येते; अंकलनी रात्रीच त्याचं वेगळं पान काढलं होतं. त्या पानाचा खर्च आवाक्यातला होता. पाऊस यायला साडेतीन महिने होते.

बाकीचे जीपने सरळ नाशिकला गेले, त्यांना रात्रीची गाडी होती. मला रविवार मोकळा होता, म्हणून मी मिस्तरींबरोबर पेठच्या स्टँडपर्यंत आले. त्यांना कौलांच्या भावाची चौकशी करायची होती. बाकावर बसलो. त्यांनी टाकीचं पान उलगडलं, चष्मा लावला, आणि नुसते बघत राहिले. मग माझ्याकडे सरकवलं.

"मॅडम, हे सगळं मिलिमीटर हाय."

मी पेन्सिल काढली. चार हजार म्हणजे तेरा फूट दीड इंच. बावीसशे म्हणजे सात फूट अडीच इंच, वर जरा. एकेका आकड्याखाली फूट-इंच लिहीत गेले, ते शेजारून मोठ्याने वाचत गेले. नाशिकची गाडी लागली तेव्हा टाकीच्या झाकणापर्यंत आलो होतो. पन्हळ राहिली होती. कंडक्टर दोनदा ओरडला. मिस्तरींनी कागद घडी करून खिशात घातला, पेन्सिलही ठेवून घेतली, आणि म्हणाले, पन्हळ फोनवर सांगा.